आधी उतार, मग चढ

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ५९. यजमान ६४ वर्षांचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक; गावातही ‘सर’ आणि पत्रातही ‘सर’च. मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला असतात. येत्या उन्हाळ्यात हे दोघं तिकडे जाणार आहेत. जूनमध्ये नातीला सुट्टी, म्हणून मुलानं आर.व्ही. भाड्यानं घेऊन पाच दिवस ग्रँड कॅनियनला जायचा बेत केलाय. आर.व्ही. म्हणजे आत पलंग, शेगडी, संडास असं सगळं असलेली मोठी गाडी. सरांनी तीस वर्षं फळ्यावर ‘घळई’ची आकृती काढली. आता त्यांना खऱ्या घळईच्या तळाशी चालत जाऊन कोलोरॅडो नदीत हात बुडवायचाय आणि त्याच दिवशी वर यायचंय. “आपण मराठवाड्याचे. आपल्याला कोण उन्हाचं सांगतंय?” असं त्यांचं म्हणणं. ताईंचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे आणि शेगडीला लागून संडास असलेल्या गाडीत चार रात्री काढायच्या या विचारानंच झोप उडालीय. “नाही म्हणाले तर सगळ्यांचा हिरमोड, गेले तर सगळ्यांना अडचण. ऐनवेळी बरं नाही म्हणून फिनिक्सच्या घरीच थांबले तर चालेल का?” असं त्या विचारतात.

ताई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. खोटं आजारपण काढू नका. सून तुम्हाला एकटं टाकून जाणार नाही, म्हणजे तीही घरी थांबेल. नात रुसेल. उरले बाप-लेक, त्यांना अडवायला कुणीच नाही. तुमच्या घरात या बेताबद्दल शंका घेणारं माणूस एकच आहे आणि तेच घरी बसायला निघालंय.

तुमच्या पत्राचा रोख गुडघे आणि संडासावर आहे. ते दोन्ही सुटतील. माझं मन अडकलं ते सरांच्या वाक्यावर. उन्हाचं आपल्याला कोण सांगणार! हे वाक्य मीही म्हणत आलेय. ४३ अंशांत लग्नाच्या पंगती उठवणारी माणसं आपण. पण आपण उन्हात टिकतो ते कसं, ते आठवून बघा. सकाळी दहाच्या आत शेतातली कामं उरकतो, दुपारी दार ओढून घेतो, डोक्याला उपरणं, उंबऱ्यातून बाहेर पडताना तांब्याभर पाणी. आपण ऊन सोसत नाही, ऊन चुकवतो. भर दुपारी बाराला कुणी १३०० मीटरचा डोंगर चढायला निघालं तर सरच त्याला वेड्यात काढतील.

आणि सर नेमकं तेच करायला निघालेत. फरक इतकाच, की त्यांचा डोंगर उलटा आहे.

आपल्याकडे देवगिरी चढायचा म्हणजे आधी दम लागतो. अंधारी ओलांडून वर गेलं की पाय बोलायला लागतात, आणि ज्याला जमत नाही तो तिथूनच परत फिरतो. उतार शिल्लक असतो, उतार कसाही होतो. डोंगर स्वतःच तुम्हाला वेळेवर ‘बस’ म्हणतो. दरी तसं म्हणत नाही. सकाळी सहाला गार वाऱ्यात उतरायला सुरुवात केली की माणूस हसत-खेळत दोन तासांत खूप खाली जातो. आणि चढायचं असतं तेव्हा डोक्यावर दुपार असते, पायांत उतरण्याचा शीण असतो, पाणी संपत आलेलं असतं. तिथल्या वनरक्षकांचा हिशेब साधा आहे: उतरायला जेवढा वेळ, चढायला त्याच्या दुप्पट.

त्यात आणखी एक उलटापालट आहे. आपल्या बारवा आठवा. पायऱ्या उतरत जावं तसा गारवा वाढतो, तळाशी पाण्याजवळ अंगावर काटा येतो. या दरीत जितकं खाली जाल तितकं गरम. दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही साडेचारशे मीटर उंच. जूनमध्ये तिथे दुपारी साधारण २७ अंश असतात आणि रात्री आठ-नऊ, स्वेटर लागतो. त्याच दुपारी तळाशी ३८ अंश, जुलैत ४१. हे आकडे सावलीतले. तापलेल्या खडकांच्या मधे उभं राहिल्यावर काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून कड्यावर उभं राहून “हवा तर छान आहे” म्हणत निघालेला माणूसच फसतो, आणि उन्हाची सवय असलेला जरा जास्तच फसतो.

ब्राइट एंजल नावाच्या प्रसिद्ध वाटेनं नदीपर्यंत जाऊन यायचं म्हणजे जवळजवळ २५ किलोमीटर. देवगिरीचा डोंगर साधारण २०० मीटरचा धरला तर सहा-सात देवगिरी एकावर एक रचून, दिवसाच्या शेवटी चढायचे. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन येऊ नका, विशेषतः मे ते सप्टेंबर, असं उद्यान प्रशासन जागोजागी लिहून ठेवतं. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार खालच्या वाटांवर चालूच नका, असंही सांगतं. ही सूचना काही पुळचट माणसांसाठी नाही. दरीतून सोडवून आणावे लागणाऱ्यांत धडधाकट तरुण भरपूर असतात.

हे सगळं सरांना तुम्ही सांगाल तर ते ‘बायकोची भीती’ म्हणून उडवून लावतील. मास्तर माणसाला प्रयोग करून दाखवावा लागतो. कन्नडजवळ गौताळ्याच्या रानात पितळखोऱ्याची लेणी आहेत ना? तिथे आधी पायऱ्या उतरून दरीत जावं लागतं. मी एका मे महिन्यात बहिणींबरोबर तिथे गेले होते. उतरताना आम्ही गाणी म्हणत होतो. चढताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि माझी धाकटी बहीण मधेच पायरीवर बसून म्हणाली, “मी इथंच राहते, मला जेवण इथंच पाठवा.” आणि पितळखोरं म्हणजे ग्रँड कॅनियनच्या मानानं अंगणातला खड्डा. सरांना घेऊन जा. हातात घड्याळ असू द्या. तुम्ही वर झाडाखाली बसा. जमलं तर अजिंठ्यालाही: समोरच्या व्ह्यू पॉइंटवरून वाघोऱ्याच्या दरीत उतरून लेण्यांपर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत वर. तिकिटं काढायच्या आधी हे दोन दिवस काढलेत तर अर्धं भांडण आपोआप मिटेल.

आता महिन्याचं. जूनच का, तर नातीला सुट्टी. पण फिनिक्सकडच्या बऱ्याच शाळांना ऑक्टोबरमध्येही आठ-पंधरा दिवसांची सुट्टी असते. तुम्ही उन्हाळ्यात जाण्याऐवजी आपल्याकडचे गणपती उरकून गेलात तर काय बिघडेल? ऑक्टोबरात कड्यावर दुपारी १८ अंश, तळाशी २९. रात्री मात्र कड्यावर पारा दोन अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा गोधडीचं वजन बॅगेत धरा. फिनिक्सचा उन्हाळाही टळेल, जो आपल्या मेपेक्षा वरचढ असतो. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिकडे दुपारची वादळं होतात, कड्यावर विजा पडतात, कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात; ऑक्टोबरपर्यंत तेही सरलेलं असतं. मुलाशी बोलताना बाकी सगळं राहू द्या, एवढी एकच गोष्ट मनावर घ्यायला लावा. तारीख बदलली की तुमच्या निम्म्या काळज्या आपसूक कमी होतात.

सरांच्या इच्छेचं काय? ताई, मला ती इच्छा फार आवडली. तीस वर्षं खडूनं काढलेली आकृती डोळ्यांनी बघायला जाणं हा काही हट्ट नव्हे. फक्त त्यांनी दोन गोष्टी एकात बांधल्यात: दरीत उतरणं आणि नदीला हात लावणं. त्या सुट्या करून बघा.

उतरायचंच असेल तर ब्राइट एंजलच्या वाटेवर दीड मैलावर एक विश्रांतीची जागा आहे. तिथपर्यंत जाऊन यायचं म्हणजे सुमारे पाच किलोमीटर आणि साधारण ३४० मीटरचा चढ. तेवढ्यातही खडकाचे थर बदलताना दिसतात, आणि भूगोलाच्या मास्तरांना तेच तर हवंय. साउथ कायबाब ही दुसरी वाट देखणी आहे, पण तिच्यावर पाण्याचा थेंब नाही. ब्राइट एंजलवर पाण्याची सोय हंगामाप्रमाणे असते, तीही बेभरवशाची. कारण ऐका, आपल्या लोकांना गंमत वाटेल: दक्षिण कड्यावरच्या सगळ्या वस्तीचं पाणी समोरच्या, उत्तरेकडच्या कड्याखालच्या झऱ्यातून नळानं दरी ओलांडून येतं. हा नळ साठच्या दशकातला, आणि तो वरचेवर फुटतो. एवढी मोठी नदी खाली वाहतेय आणि वर “आज पाणी येणार का” हा प्रश्न! जायकवाडीच्या पाण्याची वाट बघणाऱ्यांना याचं नवल नाही. सांगायचं एवढंच, की निघायच्या सकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावर वाटा आणि पाणी दोन्ही तपासायचं, आणि तरी आपलं पाणी आपल्या पाठीवर ठेवायचं.

नुसतं पाणी ढोसून चालत नाही. घाम लगेच वाळतो, तो दिसत नाही, मीठ मात्र जात राहतं. मीठ न घेता पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस गुंगतो. इथे आपला डबा कामाला येतो. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, खारे शेंगदाणे, भडंग, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. तुमच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, किंवा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल, तर मात्र हे तुम्ही परस्पर ठरवू नका; उंची, ऊन आणि पाणी तिन्ही सांगून डॉक्टरांना विचारा. प्रवासाचा विमा काढताना बीपी आधीपासून आहे हे स्पष्ट लिहा आणि त्यावरचे उपचार त्यात धरलेत का ते वाचून घ्या. आणि डब्यातला घास खारीला घालू नका. तिथल्या खारी कडकडून चावतात, शिवाय त्यांना खायला घालणं कायद्यानं बंद आहे.

नदीला हात लावण्यासाठी मात्र तळापर्यंत चालायची गरजच नाही. लीज फेरी नावाची जागा आहे. दक्षिण कड्यावरून डेझर्ट व्ह्यू, कॅमेरून असं करत मार्बल कॅनियनकडे जायचं, अडीच-तीन तासांचा रस्ता. तिथे गाडी थेट कोलोरॅडोच्या काठापर्यंत जाते. नदीतून होड्यांनी दरीत शिरणारे लोक तिथूनच निघतात आणि नदीचे मैलही तिथपासूनच मोजतात. शून्य मैल म्हणजे लीज फेरी. जवळच नावाहो ब्रिज आहे, १९२९ साली खुला झालेला. आता तो फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, खाली १४० मीटरवर नदी. नशीब असेल तर कठड्यावर बसलेली कॉन्डर गिधाडं दिसतात. पाणी वरच्या धरणातून येतं, चांगलंच गार असतं, ओढही असते. तेव्हा हात-पाय बुडवायचे, आत शिरायचं नाही. वाटेत नावाहो लोकांचा प्रदेश लागतो, तिथलं घड्याळ ऑक्टोबरात ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. फोन मधेच वेळ बदलेल, घाबरू नका.

म्हणजे बघा, घळई जिथे सुरू होते तिथे सर हात बुडवतील आणि शेजारी तुम्हीही उभ्या असाल. फळ्यावरच्या आकृतीत नदीकाठी मास्तरीणबाईंना जागा नव्हती, इथे आहे.

हे ऐकूनही सर म्हणाले की नाही, मला तळच हवा, तर मग तो वेगळा प्रवास आहे आणि त्याला वर्ष-सव्वा वर्ष द्यावं लागेल. खाली मुक्कामाचा परवाना काढायचा, किंवा तळाशी असलेल्या फँटम रँचमध्ये जागा मिळवायची. तिची सोडत पंधरा महिने आधी निघते. एक दिवस उतरायचं, खाली राहायचं, पहाटे निघून टप्प्याटप्प्यानं चढायचं. खेचरावरूनही नेतात. रोज पहाटे पाठीवर ओझं घेऊन आठ महिने चाललेले ६५ वर्षांचे सर हे करू शकतील. या जूनमधले करू नयेत.

आता गाडी. पंचवीस फुटी आर.व्ही. म्हणजे लांबीला मोठ्या टेम्पो ट्रॅव्हलरएवढी. ती मुलानं चालवायची, सरांनी नाही. चालत्या गाडीत सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं. आत शेगडी आहे म्हणून कुणी मागे उठून चहा टाकायचा नाही, हे आधीच ठरवा, कारण चहा टाकायला तुम्हीच उठाल.

संडासाची तुमची किळस मला समजते. कॅसरोल आणि कमोड यांच्या मधे पातळ दार, हे आपल्या पिढीला जड जाणारच. पण माहिती घेतली की किळस जरा निवळते. या गाडीला तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. शेवटच्या दोन, ठरलेल्या जागी जाड नळी लावून, हातमोजे घालून रिकाम्या करायच्या. ते मुलाचं काम. बेत त्याचा, नळी त्याची. शिवाय कॅम्पग्राउंडवर सार्वजनिक संडास असतात, आणि दक्षिण कड्यावर पैसे देऊन गरम पाण्याची आंघोळ करायची सोयही आहे. गाडीतला संडास फक्त रात्री-अपरात्रीसाठी, असा घरचा नियम केलात तरी चालतं. बाकी टाकीतलं मोजकं पाणी पुरवून वापरणं सुनेला कदाचित अवघड जाईल. ज्या मुलखात २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला ते शिकवावं लागणार नाही. त्या गाडीत तुम्ही अडचण नाही, मुकादम आहात.

मुलाला दोन गोष्टी विचारा. एक, गाडी कुठे लावणार? दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही जोडता येतं. मॅथर कॅम्पग्राउंड झाडीत आहे, छान आहे, पण तिथे जोडण्या नाहीत आणि तीस फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. वीज नसेल तर रात्रभर हीटर कशावर चालणार, हे त्याला आधीच विचारून ठेवा. मॅथरचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरसाठी एप्रिलमध्ये घड्याळ लावून बसायचं. ट्रेलर व्हिलेजसाठी त्याहून आधी. दोन, तुम्हा दोघांचा पलंग कोणता? चालकाच्या डोक्यावरचा शिडीचा पलंग नातीला. तो तिला आवडेलच. तुम्हाला मागचा, जमिनीलगतचा. आणि हे स्पष्ट ठरलं नसेल तर तिसराही पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही: तरुण मंडळी गाडीत, तुम्ही दोघं कड्यावरच्या लॉजमध्ये. दिवस एकत्र, रात्र आपापली. अंतर फिरत्या फुकट बसनं दहा-पंधरा मिनिटांचं. खर्च वाढेल, पण मुलाला विचारून तर बघा. तुम्ही न विचारताच ‘नको’ ठरवलंय असं पत्रावरून वाटतं.

गाडीच हवी असेल तर फिनिक्सजवळच एक रात्र आधी राहून बघा. भाड्याची गाडी पहिल्यांदा हाताळताना काय बंद पडतं, कुठला दिवा कुठून लागतो, हे घराजवळ कळलेलं बरं.

राहिली तुमची वाट. सर आणि मुलगा पहाटे दीड मैल उतरून येतील तेव्हा तुम्ही काय करायचं? कड्याकडेनं एक सपाट, बऱ्याच अंतरापर्यंत फरसबंद वाट आहे. तिच्यातल्या एका तुकड्याला ‘ट्रेल ऑफ टाइम’ म्हणतात. यावापाई भूगर्भ संग्रहालयाजवळून ‘आज’पासून निघायचं. दर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. वाटेत जमिनीत धातूच्या खुणा, आणि कडेला दरीतल्या त्या-त्या थराचा खरा दगड मांडलेला, हात लावून बघायला. तुम्ही आणि नात मिळून चाला. नदीनं ही दरी कोरायला घेतली त्याला पन्नास-साठ लाख वर्षं झाली म्हणतात, म्हणजे पाच-सहा मीटर, तुमच्या स्वयंपाकघराच्या लांबीएवढं. सहासष्टाव्या मीटरवर नातीला थांबवा आणि सांगा, इथे आपलं गाव. आपल्या वावरातला काळा दगड, वेरूळचं कैलास ज्यात वरून खाली कोरलं तो बेसाल्ट, साधारण इतका जुना. कड्यावरचा सगळ्यांत वरचा थर २७० मीटरवर येतो. म्हणजे तिथला सगळ्यांत नवा दगडसुद्धा आपल्या दगडाच्या चौपट म्हातारा. आणि तसंच पुढे, बाकावर बसत, पाणी पीत, सतराशे मीटरच्या पुढे गेलात की दरीच्या तळाचा काळपट खडक भेटेल. त्याचं नाव विष्णू शिस्ट. खरंच. दरीतल्या उंच सुळक्यांना विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी नावं आहेत; एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला त्या आकारांत पूर्वेकडची देवळं दिसली. तळाशी न उतरता तळाच्या दगडावर हात ठेवणारी घरातली पहिली तुम्ही असाल, आणि सर घामाघूम होऊन वर येतील तेव्हा त्यांना तुम्हीच तो धडा शिकवाल.

यासाठी गुडघ्यांना दोन-अडीच किलोमीटर सपाट चालायची सवय हवी. आजपासून रोज संध्याकाळी अर्धा तास. डॉक्टर सांगतील तो मांड्यांचा व्यायाम, आणि उतारावर टेकायला हातात काठी. काठीची लाज वाटून घेऊ नका. तिकडे तरुणांच्याही हातात दोन-दोन असतात.

रविवारी मुलाचा फोन आला की सुनेलाही जवळ बसायला सांगा. आधी तारखेचं बोला, मग पलंगाचं, संडासाचं सगळ्यात शेवटी. सर शेजारी असले तर त्यांच्यासमोर ‘लीज फेरी’ हे नाव सहज टाका आणि नकाशा त्यांनाच उघडू द्या.

पितळखोऱ्याला जाऊन आलात की सरांना उतरायला किती मिनिटं लागली आणि चढायला किती, ते दोन्ही आकडे मला लिहून पाठवा. तुमचे नाही, सरांचे.